रफिकचाचांच्या माडीवरची कोडी

शिरूरच्या एसटी स्टँडकडून बाजाराकडे निघालं की वाटेत रफिकचाचांचं गादीचं दुकान लागतं. खाली कापूस पिंजायचं मशीन आणि वर एक लांबट माडी. आज रविवारी सकाळी बऱ्याच वर्षांनी त्या माडीचा जिना चढले आणि अर्ध्यावरच शिंक आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. कापसाची ती बारीक, कोरडी, नाकाला गुदगुल्या करणारी धूळ! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"वर कोण हाय?" खालून चाचांचा आवाज आला.

"मी आहे, चाचा."

"व्हय व्हय, शिंकलीस तवाच वळखली. बस, शबाना येतीच हाय."

शबाना म्हणजे चाचांची मुलगी, माझी मैत्रीण. तिला, मला आणि आमच्याबरोबर शिकलेल्या भिवाला आज आमच्या सरांना भेटायला दौंडला जायचं होतं. भिवा गाडी घेऊन येणार होता, म्हणजे 'निघालोच' असा मेसेज टाकून घरी निवांत आंघोळ करत असणार होता. त्याची ही सवय मोडायला देवही कमी पडेल. मी माडीवर थांबले. खरं तर मला थांबायचंच होतं.

माडीवर आता गादीच्या कापडाचे तागे रचलेत, कोपऱ्यात उशांच्या खोळींचा ढीग आहे. जिथे फळा होता तिथे भिंतीचा रंग तेवढा वेगळा दिसतो. खिडकी ढकलली. तिचा आवाज तोच, वयानुसार जरा जास्तच कुरकुरणारा. बाहेरून भज्यांच्या तेलाचा वास आला, स्टँडवरच्या गाडीवाल्याची "न्हावरा, न्हावरा" अशी आरोळी आली आणि मी बसले तिथल्या तिथे, एका ताग्यावर.

या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. चार-पाच मशीनं, त्यातलं एक कायम आजारी. त्यांच्यावर प्लॅस्टिकची झाकणं घातलेली असायची, आणि मशीन तापलं की त्या प्लॅस्टिकला, धुळीला आणि कापसाला मिळून एक वास यायचा. तो मला पुढे पुण्यातल्या एकाही चकचकीत ऑफिसात मिळाला नाही. आठवडाभर सर परीक्षेचं शिकवायचे. रविवारी मात्र परीक्षेचं नाव काढायचं नाही. रविवारी फक्त कोडी.

कोडी म्हणजे प्रोग्रामिंगची कोडी. सर म्हणायचे, "मशीन म्हणजे अगदी आज्ञाधारक, पण बिनडोक पाहुणा. त्याला सगळं फोडून सांगावं लागतं. आणि फोडून सांगायला शिकायचं तर सांगायची गोष्ट गमतीची पाहिजे." मग ते गमतीच्या गोष्टी गावातूनच उचलून आणायचे. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागलीय, गोणी काढायची तर वरचीच काढता येते, आणि नेमकी आप्पांची गोणी सगळ्यात खाली. तर कमीत कमी गोण्या हलवून ती कशी काढाल? एकदा त्यांनी असा प्रोग्राम लिहायला सांगितला की चालवल्यावर त्यानं स्वतःलाच जसंच्या तसं छापावं. आम्ही त्याला आरशातलं कोडं म्हणायचो. त्याच्यापायी भिवानं सबंध रविवार डोक्यावरचे केस उपटले. आणि सगळ्यांच्या आवडीचा खेळ म्हणजे 'काटकसर'. काम तेच, पण प्रोग्राम कमीत कमी अक्षरांत लिहायचा. त्यात शबानाचा हात कुणी धरू शकायचं नाही. ती एकेक अक्षर असं छाटायची, जणू कापड तिच्या स्वतःच्या पैशानं आणलंय.

"अक्षर वाया घालवायचं न्हाई," ती मानभावीपणे म्हणायची आणि आम्ही तिच्यावर उशी फेकायचो. उशांना तिथे काय तोटा!

नियम एकच होता. कोडं सुटलं की बोलायचं नाही, चेहऱ्यानं पण नाही. उठायचं आणि जिन्यात जाऊन बसायचं. मग एकेक जण उठत जायचा, चपलांशेजारी पायऱ्यांवर दाटी व्हायची, खुसखुस चालायची. माडी रिकामी होत जायची. शेवटच्याजवळ सर जाऊन बसायचे. सांगायचे काहीच नाहीत, नुसते बसायचे. बऱ्याचदा ती शेवटची मी असायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट सरांच्या खिशातल्या सुपारीचा वास, टेबलावर बोट वाजवायची त्यांची लकब, ही सगळी माझीच मालमत्ता झाली. लवकर सुटणाऱ्यांना काय मिळालं? जिना.

लाईट गेली की यूपीएस कोकलायला लागायचा आणि सगळी एका सुरात ओरडायची, "सेव्ह करा, सेव्ह करा!" त्याच क्षणी खालचं पिंजायचं मशीनही बंद पडायचं. एवढा वेळ आपण केवढ्या आवाजात बसलो होतो, ते तेव्हा कळायचं. त्या शांततेत सर तोंडी कोडं घालायचे आणि चाचा खालून चहा पाठवू का विचारायचे. इथे एक भानगड होती. मशीन शून्यापासून मोजतं, म्हणून माडीवर सरांनी कायदाच केला होता की आपणही शून्यापासूनच मोजायचं. पहिल्या खुर्चीला शून्य नंबरची खुर्ची म्हणायचं, दुसरीला एक नंबरची.

"चहा किती पाठवू?"

"शून्य ते चार, चाचा."

"म्हंजी चार का पाच, त्ये माणसावानी सांगा. न्हाईतर प्या पानी."

पाचच यायचे. चाचांनी तो कायदा कधीच मानला नाही, पण कपही कधी कमी पाठवला नाही.

थंडीत एखादा रविवार कवठे येमाईला, भिवाच्या रानात व्हायचा. भिवाच्या घरी पूर्वी मोठा कळप होता. आमच्या वेळेपर्यंत बाकी सगळी शेतीच, दाराशी हौसेनं राखलेली थोडी मेंढरं. सर स्कूटरवर यायचे, मागे त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मांडीवर दह्याचं पातेलं धरून. आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, गरम हुरडा फुंकर घालून तोंडात टाकायचा आणि वर शेंगदाण्याची चटणी. ज्वारीच्या त्या दुधाळ गोडव्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. रानात मशीन कुठलं? मग आम्हीच मशीन व्हायचो. सर म्हणायचे, उंचीप्रमाणे रांगेत या, पण जागा बदलायची ती फक्त शेजारच्याशी, आणि तीही कमीत कमी वेळा. आम्ही बांधावर उभे राहून सरकत बसायचो. भिवाचे आबा बाजेवरून बघत असायचे.

"मास्तर," एकदा ते न राहवून म्हणाले, "ही पोरं मघाधरनं नुसती जागा बदलत्यात. काम कवा करणार?"

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पाठीवर हात फिरवला आणि पाणी दिलं. "हुरडा तोंडात असताना हसू नगा, लाख येळा सांगितलंय," असं पुटपुटल्या. सर लगेच म्हणाले, "लाख नाही गं, शून्य ते..." आणि परत ठसका.

पुढे माडी सुटली, आम्ही पांगलो. कुणी पुण्यात, एक बंगळुरूला, भिवा रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनांचे प्रोग्राम सांभाळतो, शबाना इथूनच घरबसल्या परदेशातल्या कंपनीचं काम करते. सर आणि काकू दौंडला थोरल्या मुलीजवळ राहायला गेले. पण रविवार काही सुटला नाही. सकाळी फोनवरच्या आमच्या ग्रुपवर सरांचं कोडं यायचं. मीटिंगा चुकवल्या असतील, लग्नं चुकवली असतील, पण ते कोडं कुणी चुकवलं नाही. सुटलं की उत्तर लिहायचं नाही, नुसतं 'जिन्यात' एवढंच लिहायचं. मग एकेकाचं 'जिन्यात', 'जिन्यात' येत राहायचं आणि माझी दुपार व्हायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कोडं आलं नाही. सरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्यानंतर ग्रुपवर कुणी काही टाकलंच नाही. टाकायचं तरी काय?

गेल्या आठवड्यात काकूंचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"डॉक्टर म्हणत्यात त्यांना समदं कळतंय," त्या म्हणाल्या. "लेक बी म्हणती कळतंय. पर मी दिसभर समोर असती गं. म्या बोलते, त्ये बघत्यात. भिताडाकडं बघावं तसं. मला रातचं वाटतं, आत कोन हाय का न्हाई? तुमच्याशी त्यांचं येगळं व्हतं. तुम्ही पोरांनी येऊन तेवढं बघून जावा."

तेवढं बघायला आम्ही निघालो होतो.

जिन्यात पावलं वाजली. शबाना लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून वर आली, मला ताग्यावर बसलेलं बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उठ. अब्बा म्हणतील गिऱ्हाइकाचं कापड चुरगाळलं." मग तीही शेजारी बसली. आम्ही दोघींनी मिळून त्या फळ्याच्या जागेकडे बघितलं. "सरांसाठी एक कोडं केलंय," ती म्हणाली. "सोपंच केलंय. म्हटलं, उगा त्यांना त्रास नको." मी मान डोलावली. खाली भिवाचा हॉर्न वाजला.

न्हावऱ्यापासून पुढे सगळा ऊस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी रांगत होती आणि मळीचा आंबूस वास काच बंद केली तरी आत येत होता. भीमा ओलांडली. भिवा नवा पांढरा शर्ट घालून आला होता. "सरांकडं जायचंय म्हणून बायकोनं दिला," तो म्हणाला आणि लाजला. हा माणूस दोन पोरांचा बाप आहे.

शबानानं सकाळी ग्रुपवर पत्ता टाकला होता: दौंडला रेल्वेचा पूल उतरल्यावर डाव्या हाताला, गल्ली तीन, कोपऱ्यावरचं घर. काकूंनी तिसरी गल्ली सांगितली, हिनं तशीच लिहिली. पण ग्रुपवर आलेला आकडा भिवानं वाचला माडीच्या कायद्यानं. काचेवर बोट आपटत त्यानं गल्ल्या मोजल्या, "शून्य, एक, दोन, तीन," आणि गाडी चौथ्या गल्लीत घातली. मागे बसलेल्या आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोटापाण्यासाठी आम्ही हेच करतो.

कोपऱ्यावरच्या घराचं दार सताड उघडं. एक गृहस्थ लगबगीनं बाहेर आले. "या, या! वाट सापडली ना? आम्ही मघापासून बघतोय!" आत नवी चादर घातलेला पलंग, उदबत्तीचा वास, स्टुलावर खोबरं-कोथिंबीर पेरलेल्या पोह्यांच्या बश्या. सरांच्या मुलीनं केवढी तयारी केली, या विचारानं आम्ही भारावलो. भिवाला मधोमध बसवलं.

"प्रवास बरा झाला?" एका वयस्कर मामांनी त्याला विचारलं.

"व्हय की."

"नोकरी कायम आहे ना?"

"कायम हाय."

"आणि शेती?"

भिवानं आपली शेती सांगितली, विहीर सांगितली, मेंढरं किती उरलीत तेही सांगितलं. मामा खूश झाले. मग आतून अबोली रंगाच्या साडीतली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि खाली बघत समोर बसली. भिवा पोह्यांचा घास गिळून म्हणाला, "आन् सर कुठं हायेत?"

"कुठले सर?"

शबानाच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. भिवा ताडकन उठला. "मामा, माझं लगीन झालंय!" असं त्यानं हात जोडून, जवळजवळ रडवेला होऊन सांगितलं. आधी ती मुलगी हसली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, खळखळून. मग सगळं घर हसलं. खरे पाहुणे यायच्या आत त्यांनी आम्हाला पोहे संपवायला लावले आणि शेजारच्या गल्लीपर्यंत एक काका सोडायला आले. वाटेत शबाना भिवाला म्हणाली, "गल्ल्या कुणी शून्यापासून मोजतं का, गाढवा?" भिवा म्हणाला, "तूच ग्रुपवर टाकलंस की!"

सरांच्या दारात मात्र आमचं हसू आपोआप थांबलं.

खिडकीपाशी खुर्चीत सर बसले होते. कानटोपी, गळ्याला मफलर, उजवा हात उशीवर ठेवलेला, तो जणू दुसऱ्या कुणाचा. शेजारच्या बाई आल्या होत्या. त्या सरांच्या कानाशी ओरडत होत्या, "कोन आलंय बघा! वळखलं का? हात करा बरं, हात!" काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पाया पडले. सरांचे डोळे माझ्यावरून गेले, भिवाच्या शर्टावरून गेले, खिडकीबाहेर जाऊन थांबले. लांब रेल्वेनं भोंगा दिला. काकूंनी मला ज्यासाठी बोलावलं होतं, त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

शेजारच्या बाई गेल्यावर काकू चहा टाकायला आत वळल्या. शबानानं लॅपटॉप उघडून सरांच्या समोर स्टुलावर ठेवला आणि ती जमिनीवर बसली. आवाज न चढवता, माडीवर बोलायची तशी बोलली.

"सर, कोडं हाय. संध्याकाळी मेंढरं एकेक करून वाड्यात येत्यात. परतेकीच्या पाठीवर रंगानं आकडा काढलाय. सगळ्यात मोठा आकडा कुठला, त्ये मशीननं सांगायचं." तिनं पडद्यावर बोट फिरवलं. "मी असं केलं. जी मेंढी पयली आली, तिचाच आकडा मोठा धरला. मग पुढच्या परतेकीशी ताडून बघितला. मोठी आली की तिला धरायचं, पयलीला सोडायचं. झालं." तिनं चालवून दाखवलं. उत्तर बरोबर आलं. सर पडद्याकडे बघत होते, की पडद्यापलीकडे, ते कळत नव्हतं. "बरोबर हाय ना, सर?"

किती सोपं कोडं होतं ते! पहिल्या आठवड्यात शिकवतात तसलं. शेजारच्या बाई ओरडून बोलल्या, आणि आम्ही हळू आवाजात तेच केलं, असं मला वाटून गेलं.

सरांचा डावा हात हलला. आधी मला वाटलं, मफलर नीट करतायत. हात तोंडाशी गेला, परत खाली आला. ओठ वाकडे झाले, जबडा थरथरला. भिवा उठून पाणी द्यायला निघाला, तेव्हा शबानानं त्याची पँट धरून त्याला खाली ओढलं.

"चू..." सर म्हणाले. "चूक."

मला आठवत नाही, सर कधी कुणाला तोंडावर चूक म्हणाले असतील. ते आपले "बघा बरं परत" म्हणायचे. तेवढं लांबण लावायला आता त्यांच्याकडे शब्द नव्हते.

"कुठं चूक, सर?" शबानाचा आवाज पार बारीक झाला होता.

सरांनी डावी मूठ वळली, तिच्याकडे धरली आणि उघडली. तळहात रिकामा. परत मूठ वळली, परत उघडली. आणि डोळे! ते आता भिंतीकडे बघितल्यासारखे नव्हते. ते शबानाकडे होते, असे की, अगं, एवढंसुद्धा कळू नये?

"वाडा रिकामा!" भिवा ओरडला. "एक बी मेंढरू आलंच न्हाई तर? पयली कुठनं धरणार?"

शबानानं मशीनला रिकामा वाडा दिला. प्रोग्राम धाडकन कोसळला, पडदाभर लाल अक्षरं. एवढी वर्षं हेच करून पोट भरणारे आम्ही तिघं, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही हसत होतो, रडत होतो. भिवानं सरांचे पाय धरले होते आणि "चुकलो सर, चुकलो सर," असं तो इतक्या आनंदानं म्हणत होता की काकू चहाची गाळणी हातात घेऊनच बाहेर धावल्या.

"काय झालं? काय झालं त्यांना?"

"सर म्हणाले, आमचं चूक आहे," मी म्हणाले.

"म्हनले? तोंडानं?"

"तोंडानं, काकू."

काकूंनी आमच्याकडे बघितलं, पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघितलं, मग हातातल्या गाळणीकडे. ती त्यांनी लॅपटॉपवरच ठेवली आणि खुर्चीसमोर येऊन खाली बसल्या. पदर सारखा केला. थोडा विचार केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज सोमवार हाय, न्हाई का?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. जबडा हलायला वेळ लागला. "चूक."

काकू घाईनं म्हणाल्या, "आपलं थोरलं लेकरू मुलगा हाय."

"चूक."

"मी..." त्यांचा आवाज फुटला. त्यांनी हट्टानं परत सुरुवात केली. "मी तुमच्याशी उभ्या जन्मात कवा भांडले न्हाई."

सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. ओठाची डावी बाजू हळूहळू वर गेली.

"चूक," ते म्हणाले.

काकूंनी पदरात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. शबानानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आत चहा उतू जाऊन गॅसवर सांडल्याचा वास आला, कुणी उठलं नाही. मग काकूंनी पदरानं डोळे कोरडे केले, खुर्चीच्या आणखी जवळ सरकल्या आणि पुढची थाप मारायला घेतली.